बिनवासाचा शाम्पू

शाम्पूची एक बाटली आणायची, एवढंच काम माझ्याकडे होतं. याहून अवघड कामं माणसं रोज करतात आणि संध्याकाळी घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मी मात्र बोलणार आहे. कारण या एका बाटलीपायी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगले, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून माझ्या संसाराची चौकशी केली, एका सरकारी खिडकीने मला तर्कशास्त्र शिकवलं आणि सख्ख्या मेहुण्याशी माझं बोलणं बंद पडलं. शेवटी जिंकलो मीच. पण ते क्रमाने सांगतो, नाहीतर जिंकण्याची मजा जाते.

आमची ठमी अजून रांगायला लागलेली नाही. बसवली तर बसते आणि आपण बसलोय हे लक्षात आलं की आडवी होते. तिच्या डोक्यावर जावळ आहे, म्हणजे उजेडासमोर धरलं तर दिसतं. या एवढ्याशा जावळासाठी माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने, शाम्पूचा अख्खा खोका भेट दिला. त्याने नुकतीच एका नव्या कंपनीची एजन्सी घेतली होती आणि भेट द्यायला त्याला भाचीच सापडली. बाटलीवर हिरवं पान, पानावर दवबिंदू आणि दवबिंदूत एक हसरं बाळ. झाकण उघडलं की घरात अत्तराचं दुकान उघडल्यासारखं वाटायचं. सासूबाईंनी, लेकाने आणलेली वस्तू म्हणून, त्याच दिवसापासून नातीचं डोकं त्याने धुवायला सुरुवात केली.

आठवड्याभरात ठमीच्या टाळूवर लाल पुरळ उठलं. ते कानामागून मानेपर्यंत उतरलं. ती रात्रंदिवस कुरकुरायला लागली आणि आंघोळीचा टब नुसता दिसला तरी टाहो फोडायला लागली.

लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी डोकं पाहिलं, मग बाटली मागितली. झाकण उघडून वास घेतला आणि शिंकल्या.

"हे बंद," त्या म्हणाल्या. "पुरळ जाईपर्यंत नुसतं कोमट पाणी. नंतर लावायचाच तर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. साधा, सुगंध न घातलेला, कमीत कमी जिनसांचा. आणि आधी तिच्या हातावर जरासा लावून बघा."

"कुठला आणू?" मी विचारलं.

"मी कंपनीचं नाव सांगत नसते. मागचं वाचून घ्या."

मागचं वाचून घ्या, हे शब्द दुसऱ्या कोणाला सांगितले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मी विमा कंपनीत आहे. पॉलिसीच्या मागच्या पानावर जी बारीक अक्षरं असतात, ती छपाईला जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातात. कोणत्या वाक्यात किती धुकं असावं, हे माझ्याइतकं आमच्या शाखेत कोणाला कळत नाही. बारीक अक्षरांच्या या बाजूला मी सुखाने आयुष्य काढलं होतं. त्या बाजूला उभं राहिलं की कसं वाटतं, याची कल्पना नव्हती.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझी सुट्टी संपते. मी कामावर गेले की आंघोळ तू घालायची. शाम्पूही तूच निवड."

"आई घालतात ना आंघोळ?"

"आई नाही म्हणतेय."

सासूबाई खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी सरळ बोलणं सोडलं. काही सांगायचं असेल तर ठमीमार्फत सांगायच्या. "सांग गं तुझ्या बाबांना, दूध उतू जातंय." ठमी मला हे सांगू शकत नव्हती, त्यामुळे दूध उतू जायचं. लेकाच्या शाम्पूला नावं ठेवली म्हणून त्या फुगल्या आहेत, हे उघड होतं. निदान मला तसं वाटलं.

मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो.

"बाळासाठी शाम्पू हवाय."

"कुठल्या वासाचा देऊ?"

"वासच नको."

"म्हणजे बिनवासाचा," दुकानदार समजूतदारपणे म्हणाला. "त्यात दोन आहेत. लॅव्हेंडर आणि सफरचंद."

"बिनवासाच्यात?"

"हो. अगदी मंद येतो. न आल्यासारखा."

त्याने सगळा खणच माझ्यासमोर उपडा केला. एकेका बाटलीवर एकेक बाळ हसत होतं आणि त्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त केस होते. 'शंभर टक्के नैसर्गिक.' 'आईच्या स्पर्शाइतका मऊ.' 'डोळ्यांना न झोंबणारा.' एका बाटलीवर लिहिलं होतं, 'डॉक्टरांनी तपासलेला.' तपासून त्यांना काय आढळलं, याचा उल्लेख नव्हता. आमच्या खात्यात कोणी असं वाक्य लिहिलं असतं तर मी त्याच्या बढतीची शिफारस केली असती. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती आणि नेमकी त्यांच्यावरच किमतीची चिकटपट्टी लावली होती. मी नखाने चिकटपट्ट्या खरवडायला लागलो, तेव्हा दुकानदाराचा समजूतदारपणा संपला. खरवडलेला माल परत ठेवता येत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. तेव्हा मी चार बाटल्या घेऊन घरी आलो. घरात मेहुण्याचा खोका होताच.

आमच्या इमारतीत पिशवीत काय आहे हे जिना चढेपर्यंत सगळ्यांना कळतं. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं म्हणून त्यांना सगळे रसायनसर म्हणतात. त्यांनी मला दारातच गाठलं.

"रसायन नसलेला शाम्पू शोधताय असं ऐकलं," ते म्हणाले. "मिळणार नाही. पाणी हेही रसायनच आहे."

"मग नैसर्गिक तरी?"

"विंचवाचं विष नैसर्गिकच असतं. ते लावणार का?"

त्यांनी मला वरून मेहुण्याची बाटलीही आणायला लावली, बसवून घेतलं आणि चष्म्यावर भिंग धरून पाचही बाटल्यांची मागची बाजू वाचली. सर मूळचे प्रेमळ, पण ऐकणारा सापडला की त्यांच्यातला वर्ग जागा होतो. मला मध्येच उभं करून प्रश्नही विचारले. त्या तासातून मला एवढं कळलं की प्रत्येक बाटलीच्या यादीत शेवटी शेवटी 'सुगंध' असा एकच शब्द असतो, आणि त्या एका शब्दाखाली चाळीस पदार्थ लपवता येतात. काही बाटल्यांत तर मूळ वास मारण्यासाठी सुगंध घालतात आणि वर बिनवासाचा म्हणून विकतात. मला कंपनीचा राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर पहिल्यांदा आला तो हेवा. एका शब्दाखाली चाळीस गोष्टी. आम्हाला तेवढ्यासाठी तीन पानं लागतात.

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "एवढं काय ते," त्या म्हणाल्या. "आम्ही आमच्या मुलाला कपड्याच्या साबणाने धुतलं. काय झालं त्याला?" त्यांचा मुलगा तिशीच्या आतच साफ टकला झालाय. मी "काही नाही" म्हणून पुढे सरकलो. सोसायटीचे सचिव म्हणाले की हा विषय वैयक्तिक पातळीवर हाताळू नये, समिती नेमावी. त्यांना पाणी गळतीसाठी नेमलेल्या समितीचा अनुभव होता. ती समिती अजून आहे आणि गळतीही आहे.

मी प्रयोगाचा मार्ग धरला. ठमीच्या हातावर लावण्याआधी स्वतःच्या हातावर लावावं, हे कोणत्याही बापाला सुचेल. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला मी पेनाने गोल काढले, प्रत्येक गोलाला क, ख, ग, घ, ङ अशी नावं दिली आणि एकेका गोलात एकेक शाम्पू चोळून धुतला. मेहुण्याचा तो 'क'. माझी कातडी मुळात हळवी आहे, कोणी चढ्या आवाजात बोललं तरी लाल होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचेपर्यंत 'क' भडकला होता, 'ग' खाजत होता आणि 'ङ' आपलं मत राखून होता. पेन पक्क्या शाईचं निघालं, हे आणखी एक.

दुपारी मी नकळत बाह्या वर केल्या. समोर एक गृहस्थ दाव्याची कागदपत्रं घेऊन बसले होते. ते बोलता बोलता थांबले, माझ्या हातांकडे पाहिलं आणि "पुन्हा येतो" म्हणून निघून गेले. थोड्या वेळाने साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. साहेब दार लावून घेतात ते एकतर बदलीसाठी नाहीतर निरोप समारंभाच्या वर्गणीसाठी.

"घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"हो साहेब."

"ही अक्षरं कोणी काढली?"

"मीच."

साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग मला सगळं सांगावं लागलं. ठमी, पुरळ, सुगंध, चाळीस पदार्थ. साहेब लक्षपूर्वक ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या कुत्र्याचा शाम्पू बिनवासाचा आहे. त्याला वास खपत नाही. पाठवून देऊ का?"

आता हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, त्यामुळे रागावताही येईना. पण जिना उतरताना मला पहिल्यांदा खरोखर वाईट वाटलं. साहेबांच्या कुत्र्याची निवड झाली होती. माझ्या मुलीची अजून अडली होती.

मी मेहुण्याच्या कंपनीच्या मदतवाहिनीला फोन लावला. माझा प्रश्न त्यांच्यासाठी मोलाचा आहे, असं एक यंत्र मला बराच वेळ सांगत राहिलं. मग एक मुलगी आली.

"सुगंध म्हणजे काय?" मी विचारलं.

"सर, सुगंध म्हणजे छान वास."

"त्यात काय काय असतं?"

"सर, सुगंध असतो."

"तो कशापासून करतात?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "सर, ते कंपनीचं गुपित आहे."

"तुमचं गुपित माझ्या मुलीच्या डोक्यावर उठलंय," मी म्हणालो.

"आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, सर," ती म्हणाली, आणि पुन्हा यंत्र सुरू झालं. मी तिच्यावर चिडलो नाही. अशी वाक्यं लिहून देणारा कोणीतरी टेबलामागे बसलेला असतो, आणि तो दिसायला साधारण माझ्यासारखा असतो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत गेलो. लांब बोळ, बोळाच्या टोकाला खिडकी आणि खिडकीत डबा खाऊन नुकतेच स्थिरावलेले एक गृहस्थ. मी बाटली पुढे केली.

"ही उघडलेली आहे," ते म्हणाले. "उघड्या बाटलीची तक्रार घेता येत नाही. तुम्ही त्यात काय कालवलं असेल, आम्हाला काय माहीत?"

मी पिशवीतून खोक्यातली दुसरी, बंद बाटली काढली. अशा प्रसंगांसाठी मी नेहमी एक जादा प्रत ठेवतो.

"ही बंद आहे," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही वापरलेलीच नाही. न वापरलेल्या वस्तूची तक्रार कशी घेणार?"

"मग तक्रार घेता कशाची?"

"तसा प्रसंग येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे एकही तक्रार पडून नाही."

मी दोन्ही बाटल्या पिशवीत भरल्या. निघणार तेवढ्यात त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मलाही नातू झालाय. कुठला चांगला, कळलं तर सांगाल का?"

हे सगळं मेहुण्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो संध्याकाळी तणतणत आला.

"जावईबापू, माझ्या मालाची सरकारात तक्रार केलीत तुम्ही?"

"करायला गेलो होतो. झाली नाही."

"आमच्या बाटलीने हजारो बाळं न्हातात. तुमच्याच मुलीला पुरळ उठतं?"

"दादा, सुगंधात काय आहे एवढं सांग. मी गप्प बसतो."

त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याने मला कृतघ्न म्हटलं, बहिणीला भोळी म्हटलं आणि जाता जाता सांगितलं की येत्या रविवारी आमच्याच सोसायटीच्या सभागृहात कंपनीचा मोठा कार्यक्रम आहे, मुख्य कचेरीतून अधिकारी येणार आहेत, आणि आंघोळीच्या प्रात्यक्षिकासाठी ठमीला द्यावं म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. मी नाही म्हणालो. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई ठमीला उचलून आत गेल्या. त्यानंतर त्याने माझ्याशी अबोला धरला. घरच्यांत आता दोन माणसं माझ्याशी बोलत नव्हती, आणि तिसरीला अजून बोलता येत नव्हतं.

रात्री बायकोने विचारलं, "तुझ्याकडे पुरावा काय आहे?"

"सुगंध."

"तो पुरावा नाही, तो वास आहे." ती थोडा वेळ माझ्या हातावरच्या अक्षरांकडे बघत बसली. मग म्हणाली, "तू भांडू नकोस. दादा वाईट नाही, त्याने ते कधी वाचलेलंच नाही. रविवारी सगळ्यांसमोर फक्त विचार. नीट, सावकाश विचार. ते तुला चांगलं जमतं."

लग्नानंतर मला जमणाऱ्या गोष्टींचा तिच्या तोंडून झालेला हा विरळा उल्लेख होता. मी तो जपून ठेवला आहे.

रविवारी सभागृह भरलं. फुकट बाटली मिळणार, असं सूचना फलकावर लिहिलं होतं. सचिव पुढच्या रांगेत होते, काकू कडेवर शेजारणीचं मूल घेऊन होत्या, औषधवाला दुकान बंद करून आला होता आणि रसायनसर इस्त्रीचा सदरा घालून वर्ग सुरू व्हायची वाट बघत होते. मंचावर पाण्याचा टब आणि त्यात एक रबरी बाहुला. ठमी मिळाली नाही म्हणून बाहुला आणला होता. अधिकारी डॉक्टरांसारखा पांढरा कोट घालून उभे होते. ते विक्री विभागाचे आहेत, हे कोटावरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं. बारीक अक्षरांत. मी वाचलं.

त्यांनी बाहुल्याला न्हाऊ घातलं. बाहुला रडला नाही, त्याबद्दल टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "काही शंका?"

मी उभा राहिलो. पॉलिसीच्या मागे लपायची सवय झालेल्या माणसाला असं उघड्यावर उभं राहणं जड जातं.

"बाटलीवर सुगंध असं लिहिलंय. त्यात काय आहे?"

"निसर्गातले घटक."

"कुठले?"

"निवडक."

"निसर्गातून म्हणजे नेमके कुठून?" मागून रसायनसरांचा आवाज आला. "फुलातून, मुळातून की पिंपातून?"

लोक हसले. अधिकारी मुरलेले होते. त्यांनी हात वर केला आणि ठेवणीतलं वाक्य काढलं. "आमचा शाम्पू बाळाच्या डोळ्यांनाही झोंबत नाही. इतका सौम्य, की मी आत्ता, तुमच्या देखत, माझ्या डोळ्यात घालू शकतो."

हे वाक्य त्यांनी गावोगावच्या सभागृहांत म्हटलं असणार आणि प्रत्येक वेळी लोकांनी भारावून टाळ्या वाजवल्या असणार. इथेही एकदोघांनी वाजवायला घेतल्या.

"घाला," मी म्हणालो.

मी ते भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. नीट, सावकाश म्हटलं. अधिकाऱ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा मोठ्या विश्वासाने मान डोलावत होता, कारण त्याचा खरोखरच त्या बाटलीवर विश्वास होता. त्याने स्वतःच झाकण उघडून दिलं. आता माघार घ्यायला जागा उरली नाही. अधिकाऱ्यांनी बोटावर थेंब घेतला, पापणी ओढली आणि लावला.

पहिले काही क्षण ते हसत होते. मग उजवा डोळा मिटला. ते डाव्या डोळ्याने पुढे बोलत राहिले. "बघा, काहीही…" एवढं म्हणेपर्यंत डाव्या डोळ्यालाही उजव्याचं दुःख कळलं आणि दोन्हींतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पुढच्या रांगेतलं मूल त्यांच्याकडे बघून रडायला लागलं. ते चाचपडत टबाकडे वळले आणि तोंडावर पाणी मारणार, तेवढ्यात काकू ओरडल्या, "अहो, ते फेसाचं पाणी आहे." मग काकूंनीच मूल माझ्या हातात देऊन मंच गाठला, त्यांना धरून कोपऱ्यातल्या नळाखाली नेलं आणि वाहत्या पाण्याने त्यांचे डोळे कितीतरी वेळ धुतले. "उघडे ठेवा डोळे, मिटू नका," असं त्या दरडावत होत्या आणि पांढरा कोटवाला मुकाट्याने ऐकत होता. डोळे निवळले, इजा काही झाली नाही, एवढं सांगून टाकतो. माझं त्यांच्याशी वैर नव्हतं.

मेहुणा मंचावर एकटाच उरला. त्याने हातातली बाटली उलटी केली आणि मी पहिल्यांदा त्याला मागची बाजू वाचताना पाहिलं. ओठ हलवत, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचली. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला वाटलं होतं की हे दृश्य पाहून मला आनंदाचं भरतं येईल. आलं, पण जरा कमी.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सासूबाई उठल्या. त्या सावकाश मंचापाशी गेल्या.

"उचल हे सगळं," त्या लेकाला म्हणाल्या. "एकही बाटली वाटायची नाही."

"आई, मला खरंच माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे होतं. याच हातांनी चोळलं मी ते तिच्या डोक्याला. रोज, मायेने. तेव्हापासून तिला आंघोळ घालायचं धाडस होत नाही मला." मग त्या माझ्याकडे वळल्या, सरळ माझ्याकडे. "तुमच्याकडे बघायला लाज वाटत होती हो. तुम्ही हात रंगवून घेत होतात आणि मी घड्या घालत बसले होते."

माझ्या कडेवर काकूंनी दिलेलं मूल होतं, त्याने माझा चष्मा ओढला होता, आणि समोर सासूबाई अशा बोलत होत्या. इतके दिवस मी त्यांचा रुसवा वाचत होतो आणि खालची बारीक अक्षरं मी, इतका अनुभव असून, वाचलीच नव्हती.

"आई, शाम्पू तेवढा निवडून देतो. मग बघू," असं काहीतरी मी पुटपुटलो.

मेहुण्याने खोके स्वतः उचलून गाडीत भरले. रसायनसरांनी एक बाजू धरली आणि जाईपर्यंत त्याला यादी कशी वाचायची ते शिकवत राहिले. त्याने पुढे एजन्सी सोडली. माझ्याशी मात्र त्याच संध्याकाळी बोलला. "जावईबापू," तो म्हणाला, "मला आधीच अडवलं का नाही?" मी अडवलंच होतं, पण जिंकलेल्या माणसाने फार बारकाव्यात शिरू नये.

सभा फुटताना औषधवाल्याने मला बाजूला घेतलं. "तुम्हाला हवी तशी एक बाटली आहे माझ्याकडे. मागे ठेवतो मी ती. खपत नाही."

"का?"

"तिच्यावर बाळ नाही."

बाळ नव्हतं, पान नव्हतं, दवबिंदूही नव्हता. डिंकाच्या बाटलीसारखी पांढरी बाटली, त्यावर ठळक अक्षरांत जिनसा. इतक्या थोड्या की बाकीच्या जिनसा झाकणाखाली असतील असं मला वाटलं. सुगंध हा शब्द एकदाच होता, आणि त्यापुढे 'नाही' लिहिलं होतं. एवढं स्वच्छ वाक्य मी माझ्या नोकरीत कधी पास केलं नव्हतं. माझ्या हातावर गोल काढला, त्याला 'च' म्हटलं. 'च' कधी उमटलाच नाही. रसायनसरांनी भिंगातून पाहून बरोबरची खूण केली. डॉक्टरबाईंनी वास घेतला, थांबल्या आणि यादी वाचून म्हणाल्या, "हा चालेल. तिच्या हातावर लावून बघा आणि मग थोडासाच वापरा." ठमीच्या हातावरही काही उठलं नाही. डोक्यावरचं पुरळ तोवर पुरतं मावळलं होतं. तक्रारीच्या खिडकीतल्या आजोबांनाही मी जाऊन बाटली दाखवली. त्यांनी नाव उतरवून घेतलं. त्या खिडकीने जनतेकडून स्वीकारलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

बायकोच्या कामावर जाण्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी, मी बाह्या वर करून टबापुढे बसलो. बायको पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. तिला उशीर होत होता आणि ती निघत नव्हती. सासूबाई पंचा घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. टब दिसताच ठमीने तोंड वाकडं केलं.

"आई, तुम्ही पाठीला हात द्या," मी म्हणालो. "माझा एकच हात पुरत नाही."

तो पुरला असता. पण सासूबाई पंचा खांद्यावर टाकून खाली बसल्या, घाबरत घाबरत हात पुढे केला आणि ठमी त्या ओळखीच्या हातावर रेलली. मी कोमट पाणी आधी तिच्या पायांवर सोडलं, मग पोटावर. ती श्वास रोखून माझ्याकडे बघत राहिली. तळहातावर थेंबभर शाम्पू घेतला, पाण्यात फेटला आणि जावळावरून फिरवला. तिने भुवया वर केल्या. काहीच झोंबत नाही, काहीच होत नाही, हे तिला पटायला थोडा वेळ लागला. मग तिने दोन्ही हात उचलले आणि पाण्यावर असे दाणकन आपटले की माझा ऑफिसचा सदरा, सासूबाईंचा चष्मा आणि दारातल्या बायकोची पर्स, सगळं एकदम भिजलं. ठमी खिदळली. तिला हे इतकं आवडलं की तिने ते पुन्हा केलं, आणि मग आमचं भिजायचं काही बाकी राहिलं नाही तरीही करत राहिली.

सासूबाईंनी तिला पंच्यात गुंडाळलं, डोकं हलकेच टिपलं आणि नाक टाळूला टेकवलं. बराच वेळ तशाच थांबल्या. मग त्यांनी तिला बायकोकडे दिलं. बायकोनेही वास घेतला आणि डोळे मिटले, पर्स खाली ठेवून. मग माझी पाळी आली.

कशाचाच वास येत नव्हता. फक्त ठमीचा येत होता.